22 बाय 16

थोड्याच दिवसांत विदर्भातल्या शाळा उघडतील. बाकी महाराष्ट्रात घंटा आधीच वाजलेली असते, आपल्याकडे ऊन उतरेपर्यंत थांबावं लागतं. शाळा उघडली की मिशनच्या एखाद्या लहानशा शाळेत मोठ्या सिस्टर पीटीच्या सरांना बोलावून सांगतील, "सर, यंदा फुटबॉलचं काहीतरी बघा." मलाही असंच सांगितलं होतं. आज मला त्या सरांशी आणि त्या सिस्टरांशी बोलायचं आहे.

आमची शाळा लहान. एका वर्गाची एकच तुकडी. पटांगणाच्या एका अंगाला चर्चची भिंत, दुसऱ्या अंगाला सायकल स्टँड, कोपऱ्यात मरियेची गुंफा आणि मधोमध कडुनिंब. खेळाच्या कपाटात दोन फुटबॉल, त्यातल्या एकाचा ब्लॅडर गेलेला. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेला दहा दिवस राहिले होते. मी 17 वर्षांखालच्या मुलांना कडुनिंबाभोवती पळवलं, पळण्यात पुढे आलेले अकरा निवडले आणि बाकीच्यांना वर्गात पाठवलं.

पहिल्याच सामन्यात आमच्यावर नऊ गोल झाले. पाचव्या गोलनंतर आमचा गोली चेंडू आणायला मागे गेला, तो अगदी सावकाश. चेंडू उचलला, बनियनला पुसला, इकडेतिकडे बघितलं, मग परत आला. सहाव्या गोलनंतरही तसंच. मला वाटलं, पोरगं थकलं. नंतर लक्षात आलं, तो वेळ काढत होता. सामना लवकर संपावा, आणखी गोल खावे लागू नयेत, यासाठी एवढीच युक्ती त्याच्या हातात होती. त्याला दुसरं काही मी शिकवलंच नव्हतं.

परतताना पाण्याची कॅन धरून बसलेला एक आठवीतला मुलगा मला म्हणाला, "सर, आपण मॅचमध्येच खेळतो ना. शाळेत कुठं खेळून राहिलो आपण?" निवडीत मी त्याला मागे ठेवलं होतं, तरी तो आपणहून सोबत आला होता. त्याच्या त्या एका प्रश्नावर माझी पुढची सगळी वर्षं उभी आहेत.

आपल्याच नागपुरात हा प्रश्न एका मोठ्या माणसाने फार आधी सोडवून ठेवला होता. विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. 2001 च्या सुमाराची गोष्ट. पाऊस पडत होता, आणि झोपडपट्टीतली मुलं एका फुटक्या बादलीला लाथा मारत फुटबॉल खेळत होती. ते पाहून सरांनी त्यांना चेंडू दिला. मग झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरवली, तर 128 संघ आले. हा आकडा मला आजही थक्क करतो. इतकी मुलं शहरात होतीच. त्यांना कोणी खेळायला बोलावलं नव्हतं, एवढंच. बारसे सरांनी आधी सगळ्यांना खेळू दिलं. मी आधी अकरा निवडले आणि उरलेल्यांना खेळापासून तोडलं. तिथेच माझं चुकलं.

त्या कामातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली, इथली मुलं बेघरांच्या विश्वचषकात भारताकडून खेळली, 2016 मध्ये संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला आणि 2022 मध्ये नागराज मंजुळे यांनी 'झुंड' हा चित्रपट काढला. हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. मला त्यातली एक लहानशी गोष्ट उपयोगी पडली, ती म्हणजे त्या विश्वचषकाच्या मैदानाचं माप.

बेघरांचा विश्वचषक 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाला. एका बाजूला चार खेळाडू, म्हणजे गोली धरून चारच. मैदान 22 मीटर लांब, 16 मीटर रुंद. सात-सात मिनिटांचे दोन डाव. मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचं मैदान 105 बाय 68 मीटरचं असतं, क्षेत्रफळाने ते अशा वीस मैदानांएवढं भरतं. ही मापं वाचली आणि मी सुतळीला मीटरमीटरवर गाठी मारून आमचं पटांगण मोजलं. गुंफेपासून सायकल स्टँडपर्यंत, कडुनिंब बाहेर ठेवून, 22 बाय 16 नीट बसत होतं. "आपल्याला मैदान नाही" असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो आणि मैदान आमच्या पायाखाली होतं.

चुन्याने रेघा मारल्या. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास. चौदा मिनिटांचा एक सामना, म्हणजे अर्ध्या तासात दोन सामने आणि सोळा मुलं. जो येईल तो खेळेल, निवड नाही. पहिल्या दिवशी सहाच आले. महिन्याने रांग लागायला लागली, कारण भिंतीवर बसून बघणाऱ्याला "ये, तू घे" म्हणणारं कोणीतरी रोज तिथे होतं. लहान जागेत चार जण असले की लपता येत नाही. मोठ्या मैदानात कच्चा मुलगा पूर्ण सामन्यात दोनदा चेंडूला पाय लावतो. इथे दर मिनिटाला चेंडू त्याच्याकडे येतो, आणि आला की काहीतरी करावंच लागतं.

मुली सुरुवातीला कडेला उभ्या राहत. एक दिवस गोली आला नाही, म्हणून नववीतली एक मुलगी ओढणी कमरेला बांधून गोलमध्ये उभी राहिली. दुसऱ्या दिवशी गोली आला, पण ती काही तिथून हलली नाही. त्या वर्षापासून आमच्याकडे मुलींचेही चार-चारचे संघ आहेत.

एकदा एक आई भेटायला आली. तिने विचारलं, "सर, यानं दहावीत काही फायदा होते का?" खेळाचे सवलतीचे गुण असतात, पण स्पर्धेत वर पोचणाऱ्यांना, आणि आमचा संघ पहिल्या फेरीतच परत येत होता. मी तिला खोटं सांगू शकलो नाही. म्हटलं, तो सहाला घरी येईल, भूक लागलेली असेल, जेवेल आणि लवकर झोपेल. एवढं मी नक्की सांगतो. ती म्हणाली, बरं, राहू द्या त्याला. संघ उभा करायला मला सगळ्यात मोठी मदत मिळाली ती अशा आयांची.

मिशनच्या शाळांना फुटबॉल परका नाही. गोव्यात हा खेळ रुजवण्याचं श्रेय 1883 मध्ये शिवोलीला आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांना देतात. आणि इटलीतल्या तुरीनमध्ये डॉन बॉस्को यांनी 1841 पासून रस्त्यावरच्या पोरांना एकत्र केलं, ते प्रार्थनेइतकंच खेळाच्या जोरावर. शिक्षकाने मधल्या सुट्टीत मुलांमध्ये पटांगणात असावं, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या धर्मसंघाला त्यांनी नाव दिलं संत फ्रान्सिस दि सेल्स यांचं. नागपूरचं कॅथेड्रल त्याच संताच्या नावाचं, आणि 1870 पासूनची आपली एसएफएस शाळाही त्याच नावाची. म्हणून सिस्टरांना माझी हात जोडून विनंती आहे: खेळाची ती अर्ध्या तासाची वेळ गॅदरिंगच्या तालमीला, जादा तासाला, कशालाही देऊ नका. आणि स्वतः पाच मिनिटं रेघेजवळ येऊन उभ्या राहा. सिस्टर बघत असल्या की मुलं किती जीव तोडून खेळतात, ते मी पाहिलेलं आहे.

मुलांना वर्षातून एकदा तरी सामना बघायला कामठीला न्या. इंग्रजांनी 1821 मध्ये तिथे छावणी वसवली, आणि पुढे विणकरांच्या मोहल्ल्यांनी फुटबॉल आपलासा केला. तिथल्या रब्बानी क्लबचं नाव अख्ख्या विदर्भाला माहीत आहे. आम्ही गेलो तेव्हा मध्यंतर झालं आणि लहान पोरं कुणाच्या शिट्टीची वाट न पाहता मैदानात घुसली. आमची मुलं ते बघतच राहिली. परतीच्या बसमध्ये एकाने हिशोब मांडला: "सर, त्यायचा मध्यंतरातला खेळ आपल्या प्रॅक्टिसएवढा होते." त्या आठवड्यापासून अर्ध्या तासाचा पाऊण तास मुलांनीच केला.

पावसाचं सांगायला हवं. आपली काळी माती भिजली की बुटाला शेरभर चिकटते, चेंडू उसळत नाही, जागीच रुततो. पहिल्या वर्षी मी पावसात खेळ बंद ठेवायचो. नंतर चालू ठेवला. चिखलात लांब किक निघत नाही, म्हणून मुलं आपसूक जवळचा पास द्यायला लागली, तोही जोरात, पायात. आमच्या खेळातली सगळ्यात चांगली गोष्ट चिखलाने शिकवली. बूट सगळ्यांना पुरत नव्हते. सहा नंबरची एक जोडी तीन मुलं आळीपाळीने घालत, आणि बाहेर आलेला मुलगा खाली बसून आत जाणाऱ्याच्या नाड्या बांधत असे.

दुसऱ्या वर्षी स्पर्धेत आम्ही तीन गोल खाल्ले आणि एक केला. चौथ्या वर्षी पहिली फेरी जिंकलो, दुसरीत हरलो. पहिल्या वर्षीचा तो गोली तोपर्यंत शाळेतून बाहेर पडला होता, तरी सामना बघायला आला होता. आमच्या नव्या गोलीवर गोल झाला, तेव्हा हा रेघेबाहेरून ओरडला, "पळ, चेंडू आण लवकर! टाइम आहे अजून!"

सर, शाळा उघडायच्या आधी एवढं करून ठेवा. चुन्याचं एक पोतं आणा, पहिल्या सरीत भिजणार नाही असं आत ठेवा. पंपाच्या सुया चार घ्या, त्या हमखास हरवतात. सुतळीला गाठी मारा, पटांगणात जा आणि मोजायला लागा. झाड मध्ये आलं तर रेघ थोडी सरकवा. झाड राहू द्या, वाट बघणारी मुलं त्याच्या सावलीत बसतील.