रंग, वास, चव यांच्या पलीकडे

वजूचं पाणी कसं पारखायचं हे आपण मदरशात लहानपणीच शिकतो. घाण पडून रंग, वास किंवा चव बदलली, तर ते पाणी चालत नाही. प्रयोगशाळा नव्हत्या, तेव्हा याहून चांगली कसोटी कुठली असणार? पण औषधांचे अंश किंवा नॉनस्टिक लेपासाठी वापरली जाणारी पीफास रसायनं या कसोटीत सापडत नाहीत. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. पीफास तर पाणी उकळूनही जात नाहीत.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी एका केंद्रात शुद्ध होत असे. तिथून शुद्ध होऊन बाहेर पडणारं पाणी स्वीडनच्या संशोधकांनी तपासलं. निष्कर्ष २००७ साली छापून आले. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघालं. गोळी घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही इतकं नसतं! अशा पाण्यात तगतात ते जिवाणू या औषधाला दाद न देणारे. ते पसरले, तर उद्या घरात अम्मीला संसर्ग झाला की तीच गोळी निकामी ठरू शकते.

हे सापडलं, कारण वर काय बनतं ते पाहून खाली तेच शोधलं गेलं. मास स्पेक्ट्रोमीटर लिटरमागे ग्रॅमचा अब्जावा भागही टिपतो, पण सहसा काय शोधायचं ते आधी ठरवावं लागतं. वापरातली रसायनं हजारोंनी आहेत आणि तपासणी महाग. म्हणून क्रम लावतात: सापडलेल्या प्रमाणाला सुरक्षित प्रमाणाने भागायचं, उत्तर एकाच्या वर गेलं की ते रसायन रांगेत पुढे. गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोन अगदी कणभर असूनही पुढे येतं, कारण माशांना तेवढंही बाधतं.

युरोपीय संघाने २०१५ साली अशा रसायनांची निरीक्षण यादी काढली. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात अँटिबायोटिकचा रकानाच नाही. तेव्हा अहवालात ‘पिण्यायोग्य’ लिहिलेलं असलं, तरी ते तपासलेल्या गोष्टींपुरतंच.

लोटे परशुराम, तारापूर, कुरकुंभ या भागांतून आलेल्यांना एक काम सांगतो. कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळ जे संमतीपत्र देतं, त्यात उत्पादनांची नावं आणि प्रमाण असतं. ते मिळवा, नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शेजारी गावच्या पाण्याचा अहवाल ठेवा. वर बनतं आणि खाली तपासलं जात नाही, अशी नावं वेगळी काढा आणि येत्या ग्रामसभेत लेखी द्या.