अग्निबाणाची भुई



अग्निबाण सुटला की आपली नजर त्याच्याबरोबर वर जाते. आज मात्र जरा खाली पाहू या. तो ज्या जागेवरून सुटतो तिला प्रक्षेपणतळ म्हणतात. इंग्रजी शब्द लाँचपॅड.

हा तळ कुठेही बांधून भागत नाही. केरळातले थुंबा हे कोळ्यांचे गाव निवडले, कारण पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ जाते आणि वरच्या वातावरणातील विद्युतप्रवाहांचा अभ्यास तिथे चांगला साधतो. पण त्या जागी चर्च होते, माणसांची घरे होती. डॉ. विक्रम साराभाई बिशप परेरांना भेटले, बिशपांनी गावकऱ्यांना विचारले, आणि गावाने जागा दिली. चर्चमध्ये कचेरी थाटली. अग्निबाणाचे भाग चक्क सायकलीवरून नेले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण तिथून आकाशात गेला.

उपग्रह सोडायचा म्हणजे गरज निराळी. त्यासाठी आंध्र किनाऱ्यावरचे श्रीहरिकोटा बेट घेतले. पूर्व किनाराच का? धावत्या बैलगाडीतून धोंडा पुढे फेकून पाहा. गाडीचा वेग त्याला आयता मिळतो. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, आणि श्रीहरिकोट्यापाशी तो वेग ताशी सुमारे १,६०० किलोमीटर भरतो. शिवाय पुढे समुद्र पसरलेला. बाण कोसळलाच तर कुणाच्या घरावर पडायचा नाही.

आणि तो कोसळला! १० ऑगस्ट १९७९ रोजी एस.एल.व्ही.-३ बंगालच्या उपसागरात पडला. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, त्याच श्रीहरिकोट्याहून तसलाच दुसरा बाण उडाला आणि त्याने रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला.

आता हा शब्द माणसांनाही लावतात. अमकी शाळा म्हणजे तमक्याचे लाँचपॅड, असे म्हणतात. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ते खरेच आहे. पण पुरते ध्यानात घ्या. उडालेल्या मुलांचे फोटो आपण भिंतीवर लावतो. नापास होऊन गावी परतलेला मुलगा मात्र शाळेवरून जाताना मान खाली घालतो. मी असे पुष्कळ पाहिले आहेत. त्याला हाक मारा, आत बोलवा, पुन्हा फॉर्म भरायला बसवा. १९७९ नंतर श्रीहरिकोट्याला कुलूप लागले असते, तर १९८० उजाडलेच नसते.