डेअरीची पावती



पंधरवड्यापूर्वी मी चौफुल्याला एसटीची वाट पाहत उभी होते. एक तरुण प्राध्यापक ओळख काढून बोलायला लागला. दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतो, रात्री थ्री-फेज वीज आली की उसाला पाणी देतो आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करतो. म्हणाला, "मॅडम, पेपर तिसऱ्यांदा परत आला. घरी सांगितलंच नाही. झोप लागत नाही." तेवढ्यात त्याची गाडी आली आणि तो गेला. या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. तो आज इथे आहे की नाही, ठाऊक नाही. पण त्याच्यासारखे पाच-दहा जण या मांडवात नक्की असतील. त्यांच्या आया, बायका, नवरेही असतील. मला या सगळ्यांशीच बोलायचं आहे.

काम अडलं की अभ्यासक काय करतो? जास्त वेळ बसतो. आधी झोप कमी करतो, मग जेवणाची वेळ सोडतो, मग लग्नकार्य, जत्रा, शेजारपाजार सोडतो. त्याला वाटतं, घरादाराला दिलेला वेळ प्रबंधातून कापला जातो. मीही असंच मानत होते. माझं म्हणणं आज उलटं आहे, आणि त्याचा पहिला दाखला आपल्याच शिरूर तालुक्यात आहे.

घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. तिथल्या पांढरीवर डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 साली उत्खनन सुरू केलं, ते 1983 पर्यंत चाललं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. 1600 ते 700 या नऊशे वर्षांतलं शेतकऱ्यांचं गाव त्यांनी मातीतून बाहेर काढलं. सव्वाशेच्या वर घरं, दोनशेहून जास्त दफनं, नदीचं पाणी वळवायला केलेला पाट आणि बांध. चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस इथलाच. या उत्खननाचा अहवाल छापून आला 1988 साली. पहिली कुदळ पडल्यापासून वीस वर्षांनी!

मला त्या कामाची लय मोलाची वाटते. उत्खननाला हंगाम असतो. ऊन चढलं, पाऊस जवळ आला की खड्डा झाकून परतायचं. त्यानंतरचे महिने खापरं धुण्याचे, त्यांवर शाईने क्रमांक घालण्याचे, चित्रं काढण्याचे. कितीही मोठा प्रश्न खड्ड्यात अर्धवट राहिला असला तरी पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावंच लागतं. आणि ज्या खड्ड्यात काहीच सापडलं नाही त्याचीही थरांची नोंद होते, कारण वस्ती कुठे नव्हती हे त्यावरूनच कळतं. थांबणं आणि रिकाम्या हाताने परतणं या दोन्ही गोष्टी त्या कामाच्या पद्धतीतच बसलेल्या आहेत. आपल्या टेबलावरच्या संशोधनात मात्र आपण दोन्हींची लाज बाळगतो.

रिकाम्या हातावरून इरावती कर्वे आठवतात. सांकलियांप्रमाणे त्याही 1939 पासून डेक्कन कॉलेजात होत्या. त्याआधी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे त्या पीएच.डी. करत होत्या. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीच्या दोन बाजू इतरांपेक्षा जास्त असमान असतात आणि त्यातच त्यांच्या वरचढ बुद्धीचं मूळ आहे, असा फिशर यांचा तर्क होता. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. वंशाप्रमाणे तसा काही फरक दिसेना. परक्या देशात, ज्यांच्या हातात पदवी आहे त्या गाइडच्या मताविरुद्ध निष्कर्ष आला, आणि त्यांनी तो तसाच लिहिला. 1930 साली त्यांना पदवी मिळाली. फिशर पुढे नाझींच्या वंशधोरणाचे आधार झाले, हे आपण जाणतो. त्या 149 कवट्यांतून निघालेलं "नाही" आज किती मोठं दिसतं! "मॅडम, माझं हायपोथेसिस चुकलं" असं सांगत विद्यार्थी रडवेला होऊन येतो, तेव्हा मी त्याला आधी ही हकीकत सांगते.

आता माझं सांगते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या विहिरींचं पाणी हा माझा विषय. कालव्याखालच्या, उसाच्या पट्ट्यातल्या विहिरींत क्षार आणि नायट्रेट किती वाढतात, हे मोजायचं होतं. नमुने वर्षातून दोनदा घ्यायचे: मे महिन्यात पावसाआधी आणि पावसाळा सरल्यावर. 64 विहिरी मी एसटीने, कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून, बऱ्याचदा पायी फिरून केल्या. सगळे आकडे हातात आल्यावर लक्षात आलं की ज्या प्रयोगशाळेत नमुने तपासून घेतले तिथल्या यंत्राचं कॅलिब्रेशनच बिघडलेलं होतं. वर्ष गेलं. पुन्हा नमुने घ्यायचे तर पुढचा मे यायला हवा, आणि मे काही जागरण करून लवकर आणता येत नाही.

पण मी जागरणं केली. चुकीच्या आकड्यांतून काही वाचतंय का, हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघत बसले. जेवणाला लागून चहा आणि चहावर पुन्हा चहा. एका सकाळी दौंड स्टेशनच्या पुलावर चक्कर आली आणि मी पायरीवर बसले. हिमोग्लोबिन 8 निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणालगतचा चहा बंद करायला सांगितला, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. शिकलेली, त्यातून रसायनशास्त्राची बाई, आणि हे मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं?

सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला त्यांनी दुधाची किटली माझ्या हातात दिली. "आजपासून डेअरीला तू जायचं." डेअरी घरापासून दीड किलोमीटरवर. साडेसातला खिडकी बंद होते. तुमचा परिच्छेद अर्धा राहिलाय म्हणून कुणी थांबत नाही. पहिले आठ दिवस मला राग आला. मग कळायला लागलं. तिथे पोरगा दूध मोजायचा, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅटखेरीजचे घन पदार्थ, लावायचा आणि पावती द्यायचा. 3.5 आणि 8.5 च्या वर लागलं तर चांगलं, खाली लागलं तर उद्या पेंड बघायची. आजच्या कामाचा हिशेब आजच हातात. पीएच.डी.त अशी पावती चार-चार, पाच-पाच वर्षं मिळत नाही, आणि माणूस आतून खचतो तो या न मिळणाऱ्या पावतीमुळे, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. दिवसाकाठी एक तरी काम असं हवं की जे सुरू होतं, संपतं आणि डोळ्यांना दिसतं. भाकरी थापणं, गोठा झाडणं, पोराला पाढे शिकवणं, काहीही. शिवाय जाऊन-येऊन तीन किलोमीटर पाय चालायचे, वाटेत चार माणसं भेटायची आणि त्यांतल्या एकालाही माझ्या नायट्रेटशी देणंघेणं नसायचं.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. किटली माझ्या हातात आली तेव्हा सकाळचा स्वयंपाक सासूबाईंनी स्वतःकडे घेतला होता. शिकणाऱ्या सुनेला नुसतं "तब्येतीला जप" म्हणणं आणि पोळ्यांचा ढीग तसाच ठेवणं, याला जपणं म्हणत नाहीत.

शरीराचं आणखी थोडं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. वजनकाट्यावर बारीक दिसणारा आपला माणूस आत किती चरबी घेऊन बसलेला असतो, हे त्या दोन आकड्यांनी जगाला दाखवलं. खुर्चीत वर्षानुवर्षं बसणाऱ्या अभ्यासकाने ते भिंतीवर लावावेत.

फिरायला जा, हे सगळेच सांगतात. पण आपल्याकडे पहाटे पाचला उसाच्या कडेने एकट्याने फिरायला जा, असं मी सांगणार नाही. पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याने माणसं मारली आहेत. ऊन कोवळं असताना, शाळेच्या मैदानावर, सोबतीने चाला. आरोग्याचे सल्ले शहरात तयार होतात. आपल्या शिवारात ते कसे लागू करायचे हे आपणच ठरवायचं.

मनाचं दुखणंही शरीराइतकंच खरं. 26 देशांतल्या दोन हजारांवर पदव्युत्तर आणि पीएच.डी. विद्यार्थ्यांची पाहणी 2018 साली प्रसिद्ध झाली. सामान्य लोकांच्या तुलनेत त्यांच्यात नैराश्य आणि चिंता सहा पटींहून जास्त आढळली. तेव्हा झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटलं, तर ते कुणाला तरी सांगा. 14416 या क्रमांकावर टेलि-मानसची सरकारी सेवा आहे, मराठीतही बोलता येतं.

नियमही माहीत असू द्या. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी.ला प्रवेशापासून सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळू शकतात. स्त्रियांना आणि दिव्यांगांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. बाळ तीन महिन्यांचं असताना प्रोग्रेस रिपोर्टसाठी धावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. सांगणं गाइडचं काम आहे. विद्यार्थ्याचं प्रकरण दोन-दोन महिने न वाचता ठेवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाही हात जोडून विनंती, वाचून होत नसेल तर तसं कळवा. त्या शांततेत मुलं काय काय कल्पना करतात, ते तुम्हाला दिसत नाही.

पुन्हा इनामगावकडे येते. तिथल्या सांगाड्यांवर लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांचा ग्रंथ 1986 साली आला. लहानपणी उपासमार किंवा मोठं आजारपण आलं की दाताचं कवच घडायचं काही काळ थांबतं आणि तिथे आडवी रेघ राहते. बरं वाटलं की कवच पुन्हा घडायला लागतं. रेघ मात्र जात नाही. तीन हजार वर्षांनी कुणीतरी ती भिंगाखाली बघून म्हणतं, या मुलाने इथे एक वाईट वर्ष काढलं. इ.स.पू. 1000 नंतर पाऊस घटला आणि चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या, अशी ढवळीकरांची मांडणी. त्याच गावच्या बाळांच्या हाडांवर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी पीएच.डी. केली आणि 2011 च्या पुस्तकात, नुसत्या दुष्काळाने हे सगळं उलगडत नाही, असं म्हटलं. इतक्या थोर माणसांचं वीस वर्षांचं कामही पुन्हा उघडलं जातं. मग आपला पेपर परत आला तर त्यात तोंड लपवण्यासारखं काय आहे?

माझ्या प्रबंधात बिघडलेल्या वर्षाचे आकडे मी परिशिष्टात दिले, ते का बिघडले हेही लिहिलं. प्रबंध पूर्ण व्हायला सात वर्षं लागली.

चौफुल्याच्या त्या मुलाला आणि इथल्या सगळ्यांना सांगते. दर शनिवारी दुपारी तीन वाजता मी घरी मोकळी असते. पत्ता कार्यकर्त्यांकडे ठेवला आहे. परत आलेला पेपर आणि रिव्ह्यूअरचं पत्र घेऊन या, सोबत बसून एकेक ओळ वाचू. सहाला मात्र उठायचं. डेअरीला अजून मीच जाते. चालायचं असेल तर तुम्हीही चला.