बोलिव्हिया : रुप्याचा डोंगर आणि त्याची छाया

दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर बोलिव्हिया हा देश चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला दिसतो. १८७९ साली सुरू झालेल्या युद्धात चिलीने त्याचा किनारा जिंकून घेतला आणि १९०४ च्या तहाने त्या हानीवर शिक्कामोर्तब झाले. समुद्राला मुकलेल्या या देशात निसर्गाने मात्र तीन अगदी निराळ्या भूमी एकत्र आणल्या आहेत. पश्चिमेस अँडीजच्या दोन रांगांमध्ये आल्टिप्लानो हे सुमारे ३,८०० मीटर उंचीचे उजाड, थंड पठार आहे. तेथून पूर्वेस उतरले की सौम्य हवेची खोरी लागतात आणि त्याही खाली देशाचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापणारी उष्ण मैदाने व अरण्ये. स्पॅनिश अमदानीच्या खुणा तिन्ही भूमींवर आहेत. परंतु त्या समजून घ्यावयाच्या तर आरंभ एका डोंगरापासून करावा लागतो.

हा डोंगर म्हणजे सेरो रिको, अर्थात श्रीमंत डोंगर. १५४५ साली त्यात रुपे सापडले आणि त्याच्या पायथ्याशी, ४,००० मीटरहून अधिक उंचीवर, पोतोसी हे नगर उभे राहिले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे दीड लाखांच्या आसपास वस्ती होती. डोंगरातील कृत्रिम तलावांच्या पाण्यावर धातुक चुरडणाऱ्या चक्क्या फिरत, पाऱ्याच्या साहाय्याने रुपे वेगळे केले जाई आणि टांकसाळीत त्याची नाणी पडत. अमेरिकेचे हे रुपे स्पेन आणि पोर्तुगालमार्गे गोव्यापर्यंत पोहोचले. मिरी आणि वस्त्रे यांचे मोल त्यातून चुकते झाले.

या वैभवाची किंमत कोणी दिली? १५७० नंतरच्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने 'मिता' ही वेठीची पद्धत पोतोसीसाठी नेमून दिली. दूरदूरच्या खेड्यांतील पुरुषांना आळीपाळीने खाणीत राबावे लागे. कित्येकजण परतलेच नाहीत. सान लोरेन्सोच्या चर्चचे शिल्पमंडित दगडी द्वार पाहताना मन मोहून जाते; पण त्या द्वारामागे हा डोंगर उभा आहे, हे विसरता येत नाही.

खोऱ्यातील सुक्रे नगर पोतोसीहून पुष्कळ खाली, सुमारे २,८०० मीटरवर आहे. तेथील हवा सुखद, म्हणून श्रीमंतांनी तेथे वाडे बांधले. शुभ्र भिंती, तांबडी कौले, १६२४ चे विद्यापीठ हे सारे त्या काळाचेच. आणि याच नगरात ६ ऑगस्ट १८२५ रोजी स्वातंत्र्य घोषित झाले. साम्राज्याने वसविलेल्या शहरातच साम्राज्याचा शेवट लिहिला गेला!

पूर्वेच्या मैदानातील चिकितोसचे दृश्य वेगळे. १६९१ पासून जेझुइट पाद्र्यांनी तेथे मूळ रहिवाशांच्या वसाहती वसविल्या आणि मार्टिन श्मिड याच्या देखरेखीखाली कोरीव लाकडी खांबांची भव्य चर्चे उभी राहिली. १७६७ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली. परंतु तेथील लोकांनी चर्चेही जपली आणि संगीताची हस्तलिखितेही. १९७२ पासून हान्स रोथ या स्विस वास्तुतज्ज्ञाने त्यांचा जीर्णोद्धार केला. आज तेथील संगीतोत्सवात जुन्या रचना पुन्हा ऐकू येतात.

युनेस्कोने १९८७ साली पोतोसीला, १९९० साली चिकितोसच्या सहा वसाहतींना आणि १९९१ साली सुक्रेला जागतिक वारशात स्थान दिले. मात्र पोतोसीचे नाव २०१४ पासून संकटग्रस्त वारशाच्या यादीत आहे. शतकानुशतके पोखरलेल्या डोंगराचा माथा खचू लागला आहे. तरीही खाणकामगारांच्या सहकारी संस्था त्यातून जस्त, कथील आणि उरलेसुरले रुपे काढीतच आहेत. खाण बंद करावी, तर हजारो घरांची चूल विझते. चालू ठेवावी, तर डोंगर ढासळतो. राजवाडा राखणे सोपे असते, कारण राजा निघून गेलेला असतो. पोतोसीचा मजूर मात्र अजून डोंगराच्या पोटातच आहे. त्याच्या भाकरीची सोय झाल्यावाचून त्या डोंगराचे रक्षण होणे कठीण आहे.