ड्रॉइंगमध्ये कोण अडखळणार?



इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात कोण मागे पडणार, हे आपण बारावीच्या किंवा सीईटीच्या गुणांवरून ठरवून मोकळे होतो. या गुणांना अर्थ नक्कीच आहे. पण अडखळणाऱ्या मुलीनं नेमकं काय करावं, हे ते सांगत नाहीत.

अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत १९८५ साली एक पाहणी झाली. इंजिनिअरिंग ग्राफिक्स, म्हणजे आपली मुलं ज्याला नुसतं ‘ड्रॉइंग’ म्हणतात, त्यात कोण यशस्वी होईल याचा अंदाज बांधायला अकरा गोष्टी तपासल्या गेल्या. सगळ्यांत खरा अंदाज दिला तो पर्ड्यू विद्यापीठात तयार झालेल्या तीस प्रश्नांच्या चाचणीनं. एक ठोकळा आणि तोच फिरवलेला ठोकळा दाखवतात. मग एक वेगळा ठोकळा तसाच फिरवला तर कसा दिसेल, ते ओळखायचं. सूत्र नाही, पाठांतर नाही.

पुढे मिशिगनमध्ये या चाचणीत नापास होण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या तिपटीहून जास्त दिसलं. लहानपणी जोडाजोडीचे खेळ कोणाच्या हाती येतात, हे आठवून पाहा.

मिशिगनमधल्या तेव्हाच्या प्राध्यापक शेरिल सॉर्बी यांना विद्यार्थिनी असताना बाकी विषय सोपे गेले, पण ड्रॉइंगनं छळलं होतं. १९९३ मध्ये त्यांनी आणि बेव्हर्ली बार्टमन्स यांनी, चाचणीत ६० टक्के किंवा त्याहून कमी गुण पडलेल्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम आखला. एकमेकांत अडकणारे ठोकळे हातात घेऊन फिरवायचे आणि पेन्सिलीनं कागदावर काढायचे. नुसतं संगणकाच्या पडद्यावर पाहण्यापेक्षा हातानं काढल्यानं जास्त फरक पडतो, असं पुढे दिसून आलं. ज्यांनी हा अभ्यासक्रम केला त्यांचे गुण वाढले, पुढचे ग्राफिक्सचे विषय त्यांना बरे गेले आणि मुली इंजिनिअरिंगमध्ये जास्त प्रमाणात टिकल्या. जी गोष्ट जन्मजात समजली जात होती, ती सरावानं येते, हे मला यात सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्या कॉलेजांत फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यू न दिसल्यामुळे किती जणांना केटी लागते! शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलेली मुलं तरी घनभूमितीशी थोडीफार ओळख करून आलेली असतात. बाकीच्यांची ती पहिलीच भेट. माझी शिक्षकांना विनंती आहे: पहिल्याच आठवड्यात ठोकळे फिरवण्याची ही वीस मिनिटांची चाचणी घ्या. निकाल फलकावर लावू नका. ज्यांना कमी गुण पडतील त्यांना पहिली शीट देण्याआधी महिनाभर ठोकळे, चौकटींचा कागद आणि पेन्सिल द्या.