पाढ्यामागचा अर्थ



पुष्कळ वर्षे मी प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे घोकून घेतले. आज तक्रार घेऊन उभा आहे ती पाढ्यांविरुद्ध नव्हे, माझ्याच विरुद्ध.

वर्गातील एक मुलगी तीसपर्यंतचे पाढे खडाखड म्हणे. एकदा तिला विचारले, "एका ताटात सहा लाडू, अशी चार ताटे. लाडू किती?" ती गोंधळली आणि म्हणाली, "गुरुजी, बेरीज करायची की गुणाकार?" पाढा तिच्या ओठांवर होता, ताटांशी त्याचे नाते मी कधी दाखविलेच नव्हते.

ते दाखवायला खर्च नाही. चिंचोके घ्या. सात-सातांच्या आठ ओळी जमिनीवर मांडा. 'सात आठे छप्पन्न' म्हणजे हेच. आता मुलाला बाजूला नेऊन पाहावयास सांगा. आठ-आठांच्या सात ओळी दिसतील आणि चिंचोका एकही हललेला नसेल. लाडवांचे मात्र तसे नाही. चार ताटांत सहा-सहा काय किंवा सहा ताटांत चार-चार काय, एकूण २४च. पण जेवणाराला विचारा!

परीक्षेत सात आठे आठवले नाही, तर घोकणारे मूल सात एकेपासून सुरुवात करते. चिंचोके मांडलेल्या मुलाने पाचव्या ओळीखाली मनात एक काडी ठेवावी: वर ३५, खाली २१, मिळून ५६. ही युक्ती माझी नव्हे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त १३५ ला १२ ने गुणताना १२ चे ८ आणि ४ असे तुकडे केले आहेत. १०८० आणि ५४० मिळून १६२०.

कोणी म्हणेल, गुणाकार म्हणजे तीच तीच बेरीज, एवढे सांगितले की झाले. आरंभाला ते ठीक. पण ८० रुपये मीटरचे अडीच मीटर कापड घेतले, तर ८० दोनदा मिळवाल. तिसऱ्यांदा अर्ध्यानेच मिळवावे कसे? आपल्या जुन्या पावकी-निमकी-अडीचकीत हे सारे होते; आम्ही तेही नुसतेच घोकून घेतले. निम्म्याने गुणले की संख्या घटते, हे ऐकून मूल थबकते. त्याला थबकू द्यावे.

आज घरी गेल्यावर मुलांना 'सात आठे किती?' असे विचारू नका. मूठभर चिंचोके पुढे ठेवा आणि म्हणा, "सात आठे मांडून दाखव बघू."