यंत्रामागचा हात



आपल्या तालुक्यातून मुंबईच्या गिरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या माणसे गेली, तेव्हा ताणाबाणा आणि साचा हे शब्द येथे समजावून सांगावे लागत नाहीत. आम्ही आज बोलणार आहोत ते मात्र अंगातल्या गंजीफ्राकाविषयी. (गर्न्सी बेटावरील खलाशांच्या विणलेल्या सदऱ्यावरून हे नाव आले, असे सांगतात. म्हणजे शब्दही दर्यावर्दीच!)

साच्यावर दोन सुते एकमेकांना छेदतात. येथे एकच सूत आपल्याच फाशातून पुढे जाते. घरी मायबहिणी लोकर विणतात तसेच. विल्यम ली नावाच्या इंग्रजाने १५८९ मध्ये ही विद्या यंत्राला शिकविली. आजच्या सुईला आकडा असतो आणि आकड्याखाली उघडझाप करणारी इवलीशी जीभ. सुई वर सरकली की जुना फास जीभ उघडून दांडीवर उतरतो, आकड्यात नवे सूत पडते. सुई खाली येताना तोच फास जीभ मिटवितो आणि तिच्यावरून निसटतो. झाला टाका!

मग कारागीर कशाला? अहो, एका सुईची जीभ केसभर वाकली तर कापडात उभी रेघ पडते. टाका सुटला तर शिडीच लागते. जाणता विणकर ती सुई यंत्राच्या आवाजावरून हेरतो. धाग्याचा ताण किती, टाका किती लांब, धुतल्यावर कापड किती आटेल, हे त्याला आधी ठरवावे लागते. चांगल्या स्वेटरची बाही कातरून नव्हे, तर कडेचे टाके शेजारच्या सुईवर सरकवून निमुळती करतात. आणि गळपट्टी जोडताना एकेक टाका डोळ्यांनी टिपून काट्यावर चढवावा लागतो. या कामाला ‘यंत्राने केलेले’ म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

१८११ साली नॉटिंगहॅमकडच्या विणकरांनी यंत्रे फोडली, म्हणून ते यंत्राचे वैरी ठरले. वास्तविक त्यांची रोजी यंत्रावरच होती! रुंद कापड कातरून शिवलेले, लवकर उसवणारे मोजे आणि उमेदवारी न केलेले स्वस्त मजूर, यांवर त्यांचा मोठा रोष होता. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे कित्येक गिरण्या मिटल्या आणि तेथले जाणते हात गावी परतले. त्या हातांना काय येत होते, हे कुणी लिहून ठेवले?

म्हणून होजियरीच्या कारखान्यात निघालेल्या आपल्या मुलाला आम्ही एवढेच सांगू: पगाराबरोबर हेही विचार, सुई बदलायला मला कधी शिकविणार?